काटेरी मुसकं

सत्यमने श्रेयाचा कान चावला, तेव्हा शाळेला त्याच्या दातांची ओळख झालेलीच होती. दोन-तीन पोरांच्या दंडांवर ते आधीच उमटले होते. पण दंड वेगळा आणि कान वेगळा. कानाची पाळी फाटून लोंबायला लागली, शर्टाची पांढरी कॉलर लाल झाली आणि श्रेयाचा बाप रामकिसन हातात मोटारीचा रबरी पाईप घेऊन शाळेच्या फाटकातून आत घुसला. मॅडम मध्ये पडल्या म्हणून निभावलं, नाहीतर पहिलीतल्या त्या पोराचं टाळकं तिथंच फुटलं असतं.

सत्यमच्या आईला, शालूला, निरोप गेला तेव्हा ती कापूस वेचत होती. कमरेची झोळी तशीच बांधलेली, ती धावत आली. रामकिसन, मॅडम, खिडकीतून डोकावणारी पोरं, सगळ्यांच्या देखत तिने सत्यमला ओढला आणि थोबाडीत दिली. मग आणखी दोन दिल्या. पोराच्या नाकातून रक्त आलं तसा रामकिसनने पाईप खाली केला. आपल्याकडे हे एक बरं आहे. आईने पोराला बडवलं की बघणाऱ्यांचा जीव थंड होतो आणि जो तो आपल्या कामाला लागतो.

"का चावलास रं?" मॅडमनी विचारलं.

सत्यमने नाकाचं रक्त बाहीला पुसलं. दुसऱ्याच एका पोराने खिडकीतून सांगितलं, "मॅडम, श्रेया त्याला खोडील म्हणली."

आता त्यात श्रेयाचा काय दोष? बिडकीनच्या त्या वस्तीवर सत्यमला सत्यम म्हणून हाक मारणारं कोणी उरलंच नव्हतं. लाथ मारणारी गाय खोडील, दावं तोडणारा बैल खोडील, तसं हे पोर खोडील. आजोबा मुंजाबाने ते नाव पाडलं होतं. मुंजाबाचा जन्म मेंढरांमागे गेलेला. कुठल्या जनावराला कोणती खोड आहे हे तो चालीवरून सांगे आणि "जित्याची खोड मेल्याबिगर जात नाय" हे त्याचं ठरलेलं पालुपद असे. बापाने ते नाव उचललं, मग शालूनेही. हाकेला सोपं पडतं म्हणून.

मॅडम शालूला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ बाई, याला शहरात घेऊन जा. औरंगपुऱ्यात असल्या मुलांसाठी एक केंद्र आहे. आई-बाप दोघं जा. आत्ता वय लहान आहे तोवर काहीतरी होईल. मग बैल गेला अन् झोपा केला, असं नको. तोवर मला त्याला वर्गात बसवता येणार नाही, पालक ऐकत नाहीत."

संध्याकाळी भारत कामावरून आला. भारत म्हणजे शालूचा नवरा, नव्या कारखान्यांच्या भागात ट्रकमध्ये माल भरायचा. दारूला तो शिवत नसे आणि ह्याचं त्याला फार कौतुक होतं. पण दारूविना माणूस शहाणा होतो असं कोणी लिहून दिलंय? त्याचं व्यसन त्याच्या हातात होतं. रामकिसनने त्याला रस्त्यातच गाठलं होतं. घरात येताच त्याने पट्टा काढला. सत्यम मार खाताना ओरडत नसे. डोळे मिटून घेई आणि दात आवळी. त्या दात आवळण्यानेच भारतचं डोकं जास्त फिरे.

त्या घरात मार वरून खाली यायचा. मुंजाबा आता थकला होता, त्याची काठी फक्त जनावरावर पडे. भारतचा हात शालूवर पडे. शालूचा सत्यमवर. सत्यमला घरात आपल्या खाली कोणी सापडेना, म्हणून त्याने शाळा गाठली, एवढंच. आडात जे होतं तेच पोहऱ्यात आलं, आणि सगळे पोहऱ्याला शिव्या देत बसले.

पट्टा परत कमरेला बांधत भारत म्हणाला, "बाजाराच्या दिशी सोमनाथ मेंढरं घिऊन पाचोडकडं निघतोय. ह्येला त्याच्यासंगं धाडून देतो. साळा बी नको आन कटकट बी नको. दोन-चार साल मेंढरामागं हिंडलं म्हंजे सरळ व्हईल."

सोमनाथ हा भारतचा चुलतभाऊ. त्याच्या काठीची कीर्ती सगळ्या भावकीत होती. त्याच्याकडे राहिलेला एक पोरगा एका कानाने बहिरा होऊन परत आला होता. शालू पुढे झाली.

"आवं, पण तो सहा वर्साचा हाय."

"मी बी सहाचाच व्हतो," भारत म्हणाला आणि हनुवटी खाजवली. त्याची दाढी दाट होती. दाढीखाली, ओठांच्या भोवती, बारीक बारीक खोल वण होते. कांजण्या झाल्या होत्या, असं तो सांगे. लग्नाच्या नव्या नवलाईत शालूने एकदा त्यांच्यावरून बोट फिरवलं होतं, तर त्याने तिचं मनगट असं पिरगळलं की आठवडाभर भाकरी थापता आली नाही. तेव्हापासून तिने तो विषय सोडला.

दुसऱ्या दिवशी भारत कामावर गेला आणि शालूने सत्यमला घेऊन काळीपिवळी पकडली. नवऱ्याला विचारलं नाही. विचारून काय मिळणार होतं, ते तिला ठाऊक होतं.

केंद्र म्हणजे कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत सतरंजी आणि लाकडी खेळणी. सुलेखाताई नावाची बाई चप्पल काढून सरळ खाली सतरंजीवर बसली. शालूला वाटलं, ही पोराला तपासेल, औषध देईल. तिने तर शालूलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"घरात याला काय म्हणून हाक मारता?"

"खोडील," शालू बोलून गेली आणि मग जीभ चावली. "सत्यम. सत्यम नाव हाय."

"तो शहाण्यासारखा वागतो तेव्हा काय म्हणता?"

"तवा काय म्हणायचं? तवा गप असतंय. बरं वाटतं."

"घरात कोण कोणाला मारतं?"

"कोणी नाय," शालू म्हणाली आणि पदर पुढे ओढून दंड झाकला. सुलेखाताईने तो दंड आधीच पाहिला होता. ती त्यावर काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "मारहाण झालीच, तर पोराला घेऊन कुठं जायचं ते आधीच ठरवून ठेवा. आई कुठं असते तुमची?"

"हितंच. मंडईत भाजी इकती."

"मग जवळच की."

नंतर तिने शालूला एक काम दिलं. रोज थोडा वेळ पोरासोबत जमिनीवर बसायचं. त्याला शिकवायचं नाही, दटावायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. तो जे करील ते फक्त मोठ्याने बोलून दाखवायचं.

"म्हंजी क्रिकेटवाल्यावानी?" शालूला हसू आलं.

"अगदी तसंच. त्याचं नाव घेऊन. पोराला कळलं पाहिजे की आपण काही वाईट न करतादेखील आई आपल्याकडे बघते. आत्ता त्याला वाटतंय, चावलं तरच सगळे बघतात."

शालूला हे सगळं खुळचटपणाचं वाटलं. एवढ्या लांब यायचं ते ह्यासाठी? पण तिने तिथंच करून पाहिलं. सत्यम लाकडी गाय हातात घेऊन बसला होता. "सत्यमनं गाय घेतली," ती लाजत म्हणाली. "सत्यमनं गाय उभी केली." पोराने चमकून वर पाहिलं. मग त्याने ती गाय भिंतीवर भिरकावली. शालूचा हात उठला. सुलेखाताईने तो हात अलगद धरला आणि खाली ठेवला.

"पुढच्या वेळी नवरा-बायको दोघं या," शालू जिना उतरताना ती म्हणाली.

घरी आल्यावर शालूने नेम सोडला नाही. पहिल्या दिवशी सत्यमने तिच्या मांडीला चिमटा काढला, ती बोलत राहिली. दुसऱ्या दिवशी त्याने नुसतं ऐकलं. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मात्र अंगणात नवलच घडलं. तो खडे ओळीने मांडत होता, आणि मांडता मांडता मागे सरकून त्याने आपली पाठ आईच्या गुडघ्याला टेकवली. आपण होऊन असं तो कधी टेकल्याचं तिला आठवेना. शालू न हलता बोलत राहिली. "सत्यमनं काळा खडा ठेवला. आता सत्यम पांढरा शोधतोय." ती मनात ठरवत होती की ह्या पोराला सोमनाथकडे जाऊ द्यायचं नाही. भारतला कसं सांगायचं, एवढंच तिला उमजत नव्हतं.

पलीकडे सासू पुतळाबाई गाय पिळत होती. मुंजाबा बाजेवर तंबाखू मळत होता. पिळणं होईपर्यंत मेखेला वासरू बांधलेलं, त्याच्या तोंडाला मुसकं. हे मुसकं साधं नव्हतं. दोरीच्या जाळीत बाभळीचे लांब काटे बाहेर टोकं करून गुंफलेले. वासराचं दूध तोडायची ही मुंजाबाची जुनी रीत. वासराला मारावं लागत नाही, बांधावंही लागत नाही. ते आईजवळ जातं, काटे तिच्या सडांना टोचतात आणि आईच त्याला लाथ घालते. चार दिवस लाथा खाल्ल्या की वासरू आईचं नाव टाकतं. मुंजाबाला ह्या युक्तीचा अभिमान होता.

भारत आला तो मोटारसायकल उभी न करता, तशीच आडवी टाकून आला.

"कोणाला इचारून गेलीस गं?" त्याने लाथेने खडे उडवले. "येड्याच्या डॉक्टरकडं नेलंस माझ्या पोराला? रामकिसन चार माणसांत हसला माझ्यावर!"

"आवं, येड्याचा नाय, त्या ताई..."

पहिल्या थपडेत तिच्या ओठातून रक्त आलं. दुसरी कानशिलावर. मग त्याने तिचे केस मुठीत धरले आणि डोकं ओट्याच्या लाकडी खांबावर आपटलं. एकदा, परत एकदा. तिसऱ्या वेळी त्याचा हात मध्येच थांबला आणि तो केकाटला. सत्यमने त्याच्या पोटरीत दात रुतवले होते.

भारतने पाय झटकला, पोर सुटेना. त्याने पोराच्या पाठीत बुक्की घातली तेव्हा ते सुटलं आणि मातीत पडलं. त्याच्या तोंडाला बापाचं रक्त लागलं होतं.

"चावतोस? बापाला चावतोस? चावऱ्या जनावराला काय करत्यात म्हाईत हाय का?"

तो मेखेकडे गेला. वासराच्या तोंडचं मुसकं त्याने एका हिसक्याने काढलं, सत्यमला पालथा पाडला, पाठीवर गुडघा रोवला आणि ते काटेरी जाळं पोराच्या तोंडावर चढवून मागे आवळायला लागला. काटे बाहेरच्या अंगाने होते, पण आवळल्यावर आतही वळत होते. पोराच्या गालातून रक्त यायला लागलं. बाजेवरून मुंजाबा म्हणाला, "गाठ मानंमागं घाल. म्होरं घातली तर हातानं सोडवतंय." सांगताना त्याच्या मळणाऱ्या हाताची लयसुद्धा चुकली नाही.

गुडघा उठला तसा सत्यम उठला आणि जीव खाऊन आईकडे धावला. शालू खांबाशी बसली होती, डोकं गरगरत होतं. पोर तिच्या छातीवर येऊन आदळलं आणि काटे चोळीतून आत गेले.

"आई गं!" शालू किंचाळली आणि तिच्या दोन्ही हातांनी पोराला ढकलून दिलं.

तिने ढकललं नाही, हातांनी ढकललं, असं म्हणायला मन होतं. पण ढकललं तिनेच. सत्यम पाठीवर पडला. रडला नाही. नुसता तिच्याकडे बघत राहिला. ते बघणं शालूच्या ओळखीचं होतं. गायीची लाथ खाऊन वासरू रोज संध्याकाळी असंच बघायचं, आणि ती रोज शेणाची पाटी उचलून त्याच्या समोरून निघून जायची.

शालूने पुढे होऊन पोराला ओढलं आणि छातीशी कवटाळलं. काटे पुन्हा आत गेले, ह्या वेळी जास्त खोल. दुखत होतं, भयंकर दुखत होतं, आणि तिने मिठी सोडली नाही.

"सत्यम माझ्यापाशी आलाय," ती बोलायला लागली. दुसरं काही तिला सुचलंच नाही. "सत्यम थरथरतोय. सत्यमनं माझा पदर धरलाय."

भारतने म्हाताऱ्याची काठी उचलली. पहिला तडाखा तिच्या पाठीवर बसला.

"सत्यम श्वास घेतोय," शालू म्हणाली. दुसरा तडाखा खांद्यावर. "सत्यमनं डोळं उघडलं. सत्यम माझ्याकडं बघतोय." गाठ बोटांनी सुटत नव्हती, रक्ताने घट्ट बसली होती. तिने मान वाकवली आणि दोरीत दात घातले. चावायचं काम त्या दिवशी आईने केलं. दोरी तुटली, मुसकं गळून पडलं, एक काटा तिच्या हिरडीत मोडून राहिला.

भारतने पुन्हा काठी उगारली, तेवढ्यात दुधाची बादली जमिनीवर आदळली.

"आरं कुणाला मारतोस, मुडद्या?" पुतळाबाई. लग्न होऊन आल्यापासून शालूने सासूचा एवढा आवाज कधी ऐकला नव्हता. म्हातारी भारतकडे बघत होती, पण हात बाजेकडे होता. "ह्या म्हाताऱ्यानं तुझ्या तोंडावर ह्येच बांधलं व्हतं. सहा वर्साचा व्हतास. माझ्याकडं पळत आलास आन मी लाथ घातली. तवापासनं तू माझ्याकडं आला नाईस. कांजण्या म्हणं! कुठल्या कांजण्या?"

भारतचा डावा हात दाढीत गेला आणि तिथंच राहिला. उजव्या हातातली काठी ना खाली येत होती ना वर जात होती.

तेवढ्यात मुंजाबा बाजेवरून धडपडत उठला. "आरं वासरू! वासरू पितंय, बगा की!"

मुसकं निघालेलं वासरू इकडच्या मारामारीत मेख उपटून गायीला गाठून बसलं होतं आणि डोळे मिटून, ढुशा देत, दूध ओढत होतं. म्हाताऱ्याला त्या सगळ्या रक्तात तेवढंच दिसलं. पुतळाबाई त्याच्या वाटेत आडवी उभी राहिली. "पिऊ द्या," ती म्हणाली.

शालूने पोराला कडेवर घेतलं. भारत वाटेत होता. ती त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. "सत्यम कुठं जाणार नाय," ती म्हणाली. "सोमनाथकडं बी नाय आन तुमच्याकडं बी नाय. पोरगं पायजे असंल तर औरंगपुऱ्याला जिना चढून या." तो बाजूला झाला की ती वळसा घालून गेली, हे तिला नंतर आठवेना. पुतळाबाईने कुंपणाची झापडी उघडून धरली होती. "जा. माघारी बगू नको," म्हातारी म्हणाली. दिवेलागणीच्या गाडीने शालू शहरात आईकडे, भामाबाईच्या खोलीवर पोहोचली.

केंद्रातल्या सतरंजीवर ती पुन्हा बसली तेव्हा छातीवरच्या जखमांना खपली धरली होती. पोराच्या गालांवर औषध लावलेलं. सुलेखाताईने मागचाच प्रश्न विचारला, "घरात कोण कोणाला मारतं?"

शालूने ह्या वेळी पदर ओढला नाही. "माझा नवरा मला मारतो. पोराला मारतो." मग जराशाने, "मी बी मारते त्याला. लई मारलंय."

"आता पुढचं बोलू," सुलेखाताई म्हणाली.

पुढचं सोपं नव्हतं. सत्यमने भामाबाईच्या भाज्या फेकल्या, शेजारच्या पोराच्या डोक्यात तराजूचं वजन मारलं, झोपेत दात खाल्ले. एकदा शालूचा हात उठला आणि पोराच्या पाठीवर उतरलासुद्धा. ती तसं ताईला सांगून रडली. ताईने तिला पुन्हा सतरंजीवर बसवलं. मंडईत आईसोबत मिरच्या विकून, त्यांचा वास अंगाला घेऊन ती रोज बसत राहिली.

एके दिवशी ती वर असताना खिडकीतून खाली भारत दिसला. जिन्याच्या पहिल्या पायरीशी, मोटारसायकलला टेकून, हात दाढीत. सुलेखाताई खाली जाऊन त्याच्याशी बोलून आली. आधी तू एकटा माझ्याकडे यायचं, पोराची भेट त्यानंतर, असं तिने त्याला सांगितलं होतं. तो वर आला नाही. निघूनही गेला नाही.

"येईल?" शालूने विचारलं.

"माहीत नाही," सुलेखाताई म्हणाली. "तुम्ही इकडे लक्ष द्या."

सत्यमने खेळण्यांतून लाकडी गाय काढली होती. तिला त्याने नीट उभं केलं. मग टोपलीत हात घालून एक छोटं वासरू काढलं. शालू बोलायला लागली. "सत्यमनं वासरू घेतलं. सत्यम वासराला चालवतोय. वासरू आईकडं चाललंय."

गायीपासून वीतभर अंतरावर सत्यमचा हात थांबला. बराच वेळ थांबला. त्याने वर पाहिलं.

"मम्मे, ह्येला काटे हायेत का?"

"नाय रं बाळा. काढले."

त्याचा विश्वास बसला नाही. त्याने बोटाने वासराचं लाकडी तोंड चाचपलं, ह्या गालावरून, त्या गालावरून, हनुवटीखालून. मग हळूच वासरू गायीच्या पोटाशी टेकवलं आणि वाट बघत बसला. शालू बोलायचं विसरली होती. शेवटी तोच बोलला, तिच्यासारखाच सूर काढून.

"गाय लाथ मारीत नाय."